उतरताना काहीतरी चघळत राहावे

विमानाने एकदा जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे उगाचच तज्ज्ञ समजतात. आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत अजून कोणी ना कोणी मला विचारतं, मळमळतं का, थंडी वाजते का, बरोबर काय खायला न्यावं. मी मुलांना पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा मला हे सगळं ठाऊक असणार अशी त्यांची समजूत. मीही सांगतो, की गळपट्टा घ्या, सैल कपडे घाला, आदल्या रात्री तळलेलं खाऊ नका आणि पडसं असेल तर सरळ आगगाडीचं तिकीट काढा. त्यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलं नाही. गेल्या चैत्रात आई गेली, म्हणून आता लिहितो. ती असती तर यातली एक ओळही कागदावर आली नसती.

लढाई संपल्यानंतरचा दुसरा हिवाळा होता. काशीहून तार आली, की केशव अत्यवस्थ आहे, लगेच निघा. तार करणारा माधव म्हणजे केशवदादाचा मुलगा. दादा माझा सख्खा भाऊ, पण सात वर्षांचा असताना काशीला दूधविनायकावरच्या आमच्या एका चुलत घराण्यात दत्तक गेलेला. त्या घरी वेदपाठशाळा होती आणि मूल नव्हतं. आमच्या घरी, वाईला, मुलगे तीन होते आणि बाकी बेताचंच होतं. वडिलांनी मधला द्यायचं ठरवलं. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. थोरला पुढे साथीत गेला, म्हणजे आईजवळ उरलो तो मी एकटा.

ठरवलं वडिलांनी, पण त्या मुलाला घरातून हलवायचं काम आईकडे आलं. तिने त्याला सांगितलं, "गंगा बघून ये. दिवाळीला परत येशील." त्या शब्दावर तो निघाला. दत्तविधान झालं, तिथल्या बाईंना तो आई म्हणू लागला आणि पत्रांतून आमच्या आईला 'ती. काकू' लिहू लागला. रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं. चाळीस वर्षं त्याच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी काकूंना साष्टांग नमस्कार असे. आई पत्र माझ्याकडून वाचून घ्यायची, 'काकूंना' हा शब्द आला की मान हलवायची आणि पत्र घडी करून ठेवून द्यायची.

तार आली तेव्हा आम्ही मुंबईला गिरगावात राहत होतो. आई सत्तरीच्या पुढे होती आणि गुडघ्यांनी तिला धरून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मी काही पोचत नाही. तू जा. त्याला एवढंच विचार, दिवाळीला परत येशील म्हणून मी फसवलं, तो राग त्याच्या मनात आहे का. काय म्हणेल ते जसंच्या तसं येऊन सांग. गोड करून सांगू नकोस."

आगगाडीने दोन दिवस लागले असते, आणि तारेतले शब्द दोन दिवस थांबणारे नव्हते. शिरीष नावाचा माझा एक जुना विद्यार्थी विमानकंपनीत होता. त्याने खटपट करून अलाहाबादेपर्यंतची एक जागा मिळवून दिली आणि प्रवाशांसाठीच्या इंग्रजी सूचना मराठीत लिहून एक कार्डही दिलं. त्यात दोन सूचनांखाली रेघ ओढली होती. 'पडसे असल्यास प्रवास टाळावा' आणि 'उतरताना काहीतरी चघळत राहावे'. मला चार दिवसांपासून चांगलंच पडसं झालं होतं. शिरीष म्हणाला, "सर, जायचंच असेल तर निदान दुसरी सूचना पाळा."

घरी येऊन आईला सांगितलं, की सकाळी निघून संध्याकाळी काशी. तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "तीर्थाला जाताना उपास करायचा असतो. आगगाडीने गेला असतास तर दोन दिवसांचं मी म्हटलं नसतं. एका दिवसाचाच प्रश्न आहे. काशीच्या पंचगंगा घाटावर बुडी मारेपर्यंत तोंडात काही घालू नकोस. पाण्याचा घोटसुद्धा नको. तुमची भेट होऊ दे म्हणून मागते."

मी देवभोळा नाही. पण तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. बरं म्हणालो.

आकाशात

जुहूच्या विमानतळावर सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात. माझ्या पुढे एक जाडजूड व्यापारी काट्यावर उभे राहिले आणि काटा स्थिर होईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला. विमान लढाईतलं होतं. आत खुर्च्या बसवल्या होत्या, पण फटींतून येणारा वारा लष्करी शिस्तीचाच होता. आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. नऊ-दहा हजार फुटांवर पायांची बोटं लाकडासारखी झाली. गळपट्टा, दोन सदरे आणि वर कोट असूनही मी कुडकुडत होतो. पोटात काही नसलं की थंडी जास्त वाजते, हे मी सातवीच्या मुलांना शिकवतो.

खाली सह्याद्री चुरगळलेल्या घोंगडीसारखा पडला होता. बघण्याजोगा होता, पण माझं लक्ष त्यात नव्हतं. पुरीभाजीचा डबा रिकामा केलेले व्यापारी सातपुड्यावरच्या हेलकाव्यांत कागदी पिशवी तोंडाला लावून बसले. उपाशी असल्याने मला मळमळ झाली नाही, आणि उपासाचा काही फायदा झाला असेल तर तो एवढाच.

विमानात प्रवाशांची देखभाल करायला गोव्याकडचा एक पन्नाशीचा माणूस होता. नागपूरला उतरायच्या आधी तो कापूस आणि रंगीत गोळ्यांचं तबक घेऊन आला. मी कापूस घेतला, गोळी नको म्हणालो.

"घ्या हो मास्तर," तो माझ्या कानाशी ओरडला. मी मास्तर हे त्याने कसं ओळखलं कोण जाणे. "चघळीत रावा, गिळीत रावा. तुमका पडसां आसा, कान जातले."

"उपास आहे," मी ओरडलो.

"कसलो उपास?"

"काशीचा. निर्जळी."

मग दोन गोळ्या कागदात गुंडाळून त्याने माझ्या कोटाच्या खिशात घातल्या. "देव कान मागना," म्हणाला आणि पुढे गेला.

नाकातून कानापर्यंत एक बारीक नळी असते. आपण गिळतो तेव्हा ती उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. पडशाने ती आधीच सुजलेली असते. हे मी फळ्यावर आकृती काढून किती वेळा समजावलं असेल. गिळायला तोंडात लाळ तरी लागते, आणि सकाळपासून पाणी न प्यायलेल्या माणसाच्या तोंडात तीही नव्हती. मी कोरडेच आवंढे गिळत होतो. नागपूरला कान दडपले. जबलपूरला सुई टोचल्यासारखं झालं. अलाहाबादेला विमान उतरू लागलं तेव्हा मी दोन्ही हातांनी डोकं धरून वाकलो, एकाएकी डाव्या कानात काहीतरी तुटल्यासारखं झालं, आणि विमानाची घरघर कोणीतरी दार लावून घ्यावं तशी लांब गेली. खिशात गोळ्या होत्या. हात दोनदा खिशाशी गेला आणि दोनदा मागे आला.

अलाहाबादेच्या बमरौली विमानतळावर उतरलो तेव्हा तो गोव्याचा माणूस माझ्याशी काहीतरी बोलला. त्याचे ओठ हललेले मला दिसले.

दूधविनायक

अलाहाबादेहून आगगाडीने बनारसला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चौकापर्यंत टांगा आणि पुढे पायी. या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला पाठ लावावी लागते, आणि समोरून सांड आला तर दोघांनाही. मागून येणाऱ्यांच्या हाका मला ऐकू येत नव्हत्या, त्यामुळे मी वाटेत दोघांच्या शिव्या खाल्ल्या असाव्यात. त्याही ऐकू आल्या नाहीत.

दारात माधव उभा होता. पंचविशीचा, पाठशाळेत शिकवणारा, दादासारखाच उंच. तो काही बोलला, मी कानाकडे बोट दाखवलं. मग तो माझ्या उजव्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "काका, बाबा दवाई घेऊन आत्ताच झोपले. तबियत सकाळपेक्षा जरा ठीक आहे. तुम्ही आधी नहाऊन या."

ओरडून बोललं तर उजव्या कानाला जेमतेम कळत होतं. डावा पूर्ण बंद होता.

पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आणि उंच आहेत, वर मशीद, खाली काळं पाणी. आरती चालली होती. घंटा हलत होत्या, पुजाऱ्यांची तोंडं उघडत-मिटत होती, आणि माझ्या डोक्यात फक्त एक सततचा घूं असा आवाज होता. पौषातल्या त्या पाण्यात मी तीन बुड्या मारल्या. आईचा शब्द पुरा झाला. मग ओंजळभर गंगा प्यायलो, आणि कान उघडतो का ते पाहिलं. उघडला नाही.

वहिनींनी पानात पोह्यांसारखं काही वाढलं. त्यात हिरवे मटार आणि आलं, वर साजूक तूप. आपल्याकडच्यासारखी फोडणी नाही, कांदा नाही. इकडची मराठी घरं त्याला चूडा-मटर म्हणतात. वहिनी इथेच जन्मलेल्या, नऊवारी लुगडं आपल्यासारखं, पण डोक्यावरून पदर हिंदुस्थानी बायकांसारखा पुढे ओढलेला. माझं खाऊन होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "भाऊजी, कालपासून हे कोणाशी बोलत नाहीत. सांस पुरत नाही. मला इशाऱ्याने सांगितलं, अनंता येतोय, त्याच्यासाठी ठेवलंय."



सकाळ

सकाळी दादाला तपासायला डॉक्टर आले, बंगाली होते. त्यांनी आधी माझा कान बघितला आणि माधवकरवी सांगितलं, की सूज आहे, डावा पडदा दुखावला आहे, उजवा दोन-तीन दिवसांत उघडेल, घाबरायचं कारण नाही. मी माधवला म्हटलं, "तुझ्या बाबांना हे सांगू नकोस. त्याच्यासाठी आलेला माणूस वाटेत आजारी पडला, हे त्याला कशाला?" माधवने मान हलवली. तो शहाणा मुलगा आहे, सांगितलेलं ऐकतो. तेव्हा त्याने ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

दादा गादीवर लोडाला टेकून होता. फुप्फुसांत पाणी झालेलं, पायांना आणि हातांना सूज. बोटं इतकी फुगलेली, की बोटातलं सोन्याचं पवित्रक कापून काढावं लागलं होतं. मला पाहून तो हसला. त्याने हाताने खूण करून माधवला आणि वहिनींना बाहेर जायला सांगितलं. दार लोटलं गेलं.

मी त्याच्याजवळ बसलो आणि आईचा प्रश्न विचारला. बहिरा माणूस आपण किती मोठ्याने बोलतो ते ओळखू शकत नाही. मला वाटलं मी हळू बोलतो आहे. नंतर कळलं, की प्रश्न स्वयंपाकघरात वहिनींना आणि गल्लीत शेजाऱ्यांनाही ऐकू गेला होता.

दादाने डोळे मिटून श्वास गोळा केला. मग तो बोलू लागला. मी उजवा कान त्याच्या ओठांशी नेला. गालाला त्याचा श्वास लागत होता, थांबत, परत लागत. चार-पाच वाक्यं असावीत. मध्ये तो थांबला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचं होतं की कशाचं, हे मला आजही सांगता येत नाही. मला ऐकू येत होता तो फक्त माझ्याच डोक्यातला घूं.

"परत सांग," मी म्हणालो.

त्याने परत सांगितलं. या वेळी थोडक्यात. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. ती ओसरल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, समजलं ना, असं विचारल्यासारखं. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही. मला वाटलं, दोन दिवसांत कान उघडेल, तेव्हा विचारीन. मी मान डोलावली.

त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. चेहरा सैल झाला. एक मोठं काम हातावेगळं झालेल्या माणसाचा तो चेहरा होता.

माझ्या हातून झालेली मोठी चूक ती. विमानातली त्यापुढे काहीच नाही. 'दादा, मला ऐकू येत नाही, माधवला आत बोलावतो,' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? त्याला लाज वाटली असती किंवा वाटली नसती. लाज मलाच वाटली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याच्या सुमाराला दादा गेला.

मणिकर्णिका आणि मुंशी घाट

अग्नी माधवने दिला. सख्खा भाऊ असून मला सुतक एका दिवसाचं, जन्म देणाऱ्या आईला तीन दिवसांचं, आणि ज्या गोत्रात तो दिला त्या गोत्रातल्या, मी कधी न पाहिलेल्या माणसांना दहा दिवसांचं. हा हिशेब गुरुजींनी मला कानाशी ओरडून समजावला. शास्त्र म्हणून तो चूक नसेल.

चौथ्या दिवशी वहिनी माझ्या उजव्या कानाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा सवाल मी ऐकला. ते काय बोलले?"

त्या क्षणापर्यंत मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. पण चाळीस वर्षं मनात राहिलेलं ज्याच्याजवळ त्याने सांगितलं, त्याने ते ऐकलंच नाही, हे त्या बाईला कसं सांगायचं? मी म्हणालो, "राग नाही म्हणाला."

वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट ओढला. मग म्हणाल्या, "माझ्याजवळ कधी त्यांनी बात काढली नाही. पण दरसाल दिवाळीच्या दिवशी घरात थांबत नसत. सकाळीच मुंशी घाटावर जाऊन बसायचे, अंधार पडला की परत. जेवण बिलकुल नाही. मी समजत होते, राग आहे म्हणून. चला, तुम्ही सांगितलंत, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुंशी घाटावर गेलो. दादा नेमका कोणत्या पायरीवर बसत असेल ते कोणाला विचारणार? एका पायरीवर बसलो. पलीकडचा किनारा म्हणजे नुसती वाळू, तिकडून कोणी येत नाही, जात नाही. नावाडी माझ्याकडे बघून काही विचारत होते, मी हात हलवून नको म्हणत होतो. दिवाळीला परत जायचं होतं ती वाट इथून दिसत नाही. तरी तो इथे बसायचा. रागाने बसायचा की आठवणीने, हे त्याने मला सांगितलं होतं, दोनदा. पाठशाळेच्या घरात पाटी-लेखणी चार पावलांवर असते. मी एकेक अक्षर लिहून बोट ठेवलं असतं आणि त्याने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी मास्तर असून मला पाटी सुचली ती पाच दिवसांनी, त्या पायरीवर.

परत

कान पूर्ण बरा होईपर्यंत विमानाचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दहावा झाल्यावर आगगाडीने निघालो. डॉक्टरांचे दोन-तीन दिवस केव्हाच उलटले होते, तरी उजवा कान दडलेलाच होता. इटारसीला गाडी थांबली असताना मला मोठी जांभई आली, उजव्या कानात टक् झालं आणि सगळं एकदम आत शिरलं. फलाटावरचा चहावाला, एंजिनाची वाफ, समोरच्या बाकावर लहान मुलाचं रडणं. मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि डोळे पुसले. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, एंजिनाचा कोळसा गेला.

डावा कान उघडला नाही. आता उघडणारही नाही.

गिरगावात घरी पोचलो तेव्हा आई दारापाशीच पाट घेऊन बसली होती. दादा गेल्याची तार तिला मिळाली होती, तीन दिवस तिने पाळले होते. हातपाय धुऊ देण्याइतका धीर तिने धरला.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

इटारसीपासून दादरपर्यंत मी दोन्ही उत्तरांची तयारी करत आलो होतो. खरं सांगायचं, तर ऐकू आलं नाही म्हणावं लागणार. का नाही, हे ती विचारणार. मग उपासाचं सांगावं लागणार. पाण्याचा घोटसुद्धा नको हे कोण म्हणालं होतं, ते तिला मी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

"म्हणाला, आईला सांग, माझ्या मनात काही राग नाही. मी सुखाने राहिलो."

आईने पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं.

"असंच म्हणाला? आई म्हणाला?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चाळीस वर्षांची पत्रं मी स्वतः तिला वाचून दाखवलेली. एका शब्दात माझं खोटं उघडं पडलं होतं, की त्याच शब्दाने ते तिच्यासाठी खरं झालं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना. मी मान डोलावली. तिथे डोलावली होती तशीच.

त्या रात्री ती जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कोट धुवायला टाकताना तिने खिसे चाचपले आणि कागदाची पुडी काढून माझ्यासमोर धरली. दोन्ही गोळ्या विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"हे काय?"

"विमानात देतात. उतरताना चघळायला."

"मग खाल्ल्या नाहीस?"

"उपास होता ना."

आईने पुडी परत नीट गुंडाळली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न पाहिलेलं समाधान होतं. ती माझ्या उजव्या बाजूला उभी होती, त्यामुळे तिचं बोलणं मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "उपास मोडला नाहीस, म्हणून तो तुझ्याशी बोलला."